गैरहजर डॉक्टरांचे वाढदिवस

१९७२ सालच्या अखेरीस बीबीसीच्या चित्रीकरणासाठी विल्यम हार्टनेल एका लहानशा खोकेवजा सेटमध्ये येऊन बसले. वय ६४. रक्तवाहिन्या कठीण होत जाण्याच्या आजाराने स्मरणशक्ती इतकी पोखरली होती की संवाद पाठ राहत नव्हते. समोर मोठ्या अक्षरांत लिहिलेले फलक धरले होते, ते वाचत त्यांनी आपली वाक्यं म्हटली. निर्माते बॅरी लेट्स यांनी विचारलं तेव्हा ते आनंदाने हो म्हणाले होते. त्यांना आता पूर्वीसारखं काम झेपणार नाही, हे नंतर त्यांच्या पत्नीने कळवलं. तोवर तीन डॉक्टर खांद्याला खांदा लावून लढतील अशी कथा रचली गेली होती. ती बदलावी लागली. पहिला डॉक्टर काळाच्या भोवऱ्यात अडकलाय, त्याला बाहेर पडता येत नाही, टार्डिस या यानातल्या पडद्यावर तेवढा तो दिसतो आणि सल्ला देतो, असं ठरलं. हार्टनेल यांचं हे शेवटचं काम. एप्रिल १९७५मध्ये ते गेले.

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेचा हा दशकपूर्ती विशेष, ‘द थ्री डॉक्टर्स’. त्यात हार्टनेल मोजकीच मिनिटं दिसतात, पण आपल्या जागी आलेल्या दोघांकडे ते असे बघतात की घरातला कर्ता पुरुष कोण याबद्दल शंका राहत नाही. एकाला ते विदूषक म्हणतात, दुसऱ्याला छानछोकी. ही मालिका मी अनेक वर्षं जिवापाड प्रेमाने पाहत आले आहे आणि तिचे वाढदिवसाचे भाग पुन्हा पुन्हा काढून बघते. माझं मत असं झालं आहे की या भागांचा कस कोण कोण आलं यावर लागतच नाही. जो येऊ शकला नाही, किंवा ज्याने यायचं नाकारलं, त्याच्या गैरहजेरीचं कथेने काय केलं, यावर तो लागतो.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डॉक्टर हा गॅलिफ्रे नावाच्या ग्रहावरचा प्रवासी. त्याचं यान, टार्डिस, बाहेरून लंडनच्या जुन्या निळ्या पोलिस चौकीच्या खोक्यासारखं दिसतं, आत अफाट मोठं आहे आणि काळात कुठेही जातं. १९६६मध्ये हार्टनेल यांची तब्येत ढासळल्यावर मालिका बंद करण्याऐवजी कर्त्यांनी एक धाडसी तोडगा काढला. मरणाच्या दारात पोचला की डॉक्टरचा कायापालट होतो. चेहरा, स्वभाव, चालणं-बोलणं सगळं नवं, माणूस मात्र तोच. पॅट्रिक ट्राउटन आले आणि प्रेक्षकांनी त्यांना स्वीकारलं. आपल्याकडे ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर डॉ. श्रीराम लागूंनी उभे केले, मग दत्ता भटांनी, सतीश दुभाषींनी. आणि खरे बेलवलकर कुणाचे यावर जुने नाट्यरसिक अजून तावातावाने भांडतात. पण एकाच प्रयोगात तीन बेलवलकर समोरासमोर उभे राहिले, एकमेकांना बोल लावू लागले, असं कधी घडत नाही. ‘डॉक्टर हू’ वाढदिवसाला नेमकं हेच करते.

तिच्या जन्मकथेत आपल्याला जवळची वाटावी अशी माणसं आहेत. १९६१मध्ये बीबीसीवर ‘ए फॉर अँड्रोमेडा’ ही मालिका गाजली. तिचे एक लेखक होते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. त्याच सुमारास केंब्रिजला त्यांच्या हाताखाली जयंत नारळीकर संशोधन करत होते. त्या यशानंतर १९६२मध्ये बीबीसीने टीव्हीवर विज्ञानकथा कशा आणता येतील याचे अहवाल करून घेतले. कॅनडाहून आलेले नाट्यविभागप्रमुख सिडनी न्यूमन यांनी शनिवार संध्याकाळसाठी मुला-माणसांनी मिळून बघावी अशी मालिका ठरवली. निर्मिती दिली व्हेरिटी लॅम्बर्टकडे. वय सत्तावीस, आणि त्या विभागात निर्माती म्हणून ती एकटीच बाई. पहिल्या कथेचं दिग्दर्शन वारिस हुसेन या चोवीस वर्षांच्या तरुणाकडे. हुसेन लखनौचे, ‘सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम’ लिहिणाऱ्या अतिया हुसेन यांचे चिरंजीव. पहिला भाग २३ नोव्हेंबर १९६३ रोजी लागला. आदल्याच दिवशी केनेडींची हत्या झाली होती. पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला पुन्हा दाखवावा लागला. ज्या डॉक्टरला स्वतःचं घर नाही, जो कुठेही परकाच असतो, त्याची पहिली गोष्ट त्या संस्थेत उपऱ्या ठरलेल्या माणसांनी घडवली, हे मला फार मोलाचं वाटतं.

‘द थ्री डॉक्टर्स’कडे परत येते. त्यातला खलनायक ओमेगा. याने एक तारा फोडून आपल्या लोकांना काळप्रवासाची ऊर्जा मिळवून दिली आणि स्वतः कृष्णविवरापलीकडच्या प्रतिपदार्थाच्या जगात अडकून पडला. मागे राहिलेल्यांनी त्याला वीर ठरवलं, पूजलं आणि विसरले. शेवटी त्याचा मुखवटा काढला जातो तेव्हा खाली चेहराच नसतो. शरीर केव्हाच विरून गेलंय, केवळ इच्छाशक्तीवर तो टिकून आहे. बॉब बेकर आणि डेव्ह मार्टिन यांच्या या कथेत एका बाजूला पडद्यातून बाहेर न येऊ शकणारा पहिला डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला देह हरवलेला ओमेगा. सेट स्वस्तातले आहेत, राक्षस बघवत नाहीत, पण ही जोडी अस्सल आहे. शिवाय कथेला फळ आहे: पृथ्वीवर हद्दपार करून ठेवलेल्या तिसऱ्या डॉक्टरला, म्हणजे जॉन पर्टवीला, शेवटी पुन्हा प्रवासाची मोकळीक मिळते. वाढदिवस झाला आणि मालिकेची दिशा बदलली.

त्या काळातल्या प्रेक्षकाची अवस्थाही ध्यानात घ्यायला हवी. हार्टनेल किंवा ट्राउटन यांना पुन्हा बघायची सोय घराघरांत नव्हती. व्हिडिओ आलेला नव्हता. बीबीसी तर त्याच वर्षांत जुन्या भागांच्या टेप पुसत होती. टेप महाग, एकच पुन्हा वापरायची. कलावंतांच्या संघटनांशी झालेल्या करारांमुळे पुनःप्रक्षेपणाला मर्यादा. रंगीत टीव्ही आल्यावर कृष्णधवल कार्यक्रमांना कोण विचारतो, हा हिशेब. साठच्या दशकातले नव्वदहून अधिक भाग असे गेले. हुसेन यांनी ज्याचा बहुतांश भाग दिग्दर्शित केला त्या १९६४च्या ‘मार्को पोलो’चे सातही भाग बेपत्ता आहेत. आवाज मात्र प्रत्येक हरवलेल्या भागाचा शिल्लक आहे, कारण घरोघरची मुलं टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून ते ध्वनिमुद्रित करत होती. एवढ्या मोठ्या संस्थेने टाकून दिलेलं शाळकरी पोरांनी जपलं. २०१३मध्ये नायजेरियातल्या जॉस शहरातून ट्राउटन यांच्या काळातले नऊ भाग परत मिळाले, तेव्हा जगभरच्या चाहत्यांना झालेला आनंद या मालिकेच्या अभ्यासकांनाच पुरता कळेल. तर १९७३च्या जानेवारीत हार्टनेल पडद्यावर दिसणं म्हणजे प्रेक्षकासाठी हरवलेलं माणूस भेटणं होतं. वाढदिवस हाच तेव्हा दफ्तरखाना होता.

विसाव्या वर्षी, १९८३मध्ये, ‘द फाइव्ह डॉक्टर्स’ आला. अमेरिकेत शिकागोसह काही ठिकाणी तो २३ नोव्हेंबरलाच दाखवला गेला, मायदेशी दोन दिवसांनी, ‘चिल्ड्रेन इन नीड’ या मदतनिधीच्या कार्यक्रमात. नाव पाच डॉक्टरांचं, पण पाचांतला पहिला हयात नव्हता आणि चौथ्याने, म्हणजे टॉम बेकर यांनी, नकार दिला. पटकथाकार टेरन्स डिक्स यांनी तोड काढली. बेकर यांच्यासाठी ‘शाडा’ ही कथा उपयोगी पडली. डग्लस अ‍ॅडम्स यांनी लिहिलेल्या या कथेचं चित्रीकरण १९७९मध्ये संपामुळे अर्धवट राहिलं होतं. त्यातला तुकडा घेतला: केंब्रिजमध्ये कॅम नदीवर नाव वल्हवत चाललेला डॉक्टर. नारळीकरांच्या ‘चार नगरांतले माझे विश्व’मुळे मराठी वाचकाला परिचयाचं झालेलं तेच केंब्रिज. नाव चालता चालता तो उचलला जातो आणि काळात अडकतो. नकाराला कथेने अपघाताचं रूप दिलं. प्रसिद्धीच्या छायाचित्रात तर बेकर यांच्या जागी मादाम तुसाँ संग्रहालयातला त्यांचा मेणाचा पुतळा उभा केला गेला.

हा भाग म्हणजे खरं तर ओळखपरेड आहे. जुने सोबती, जुने शत्रू, एक येतो, दोन वाक्यं बोलतो, जातो. तरी मी तो टाकून देऊ शकत नाही, कारण त्याचा गाभा नेमका आहे. बोरुसा हा गॅलिफ्रेचा राष्ट्राध्यक्ष अमरत्वासाठी हे सगळं घडवून आणतो. गॅलिफ्रेचा आद्यपुरुष रॅसिलॉन याच्या थडग्यापाशी त्याला हवं ते मिळतं: तो कायमचा जिवंत दगड होतो. जी मालिका बदलत राहिल्यामुळे टिकली, तिने आपल्या विसाव्या वर्षी न बदलता टिकण्याची इच्छा ही शिक्षा ठरवली. हे फार शहाणपणाचं होतं.

पण याच भागात एक ऋण उघडं पडतं. पहिल्या डॉक्टरचं काम रिचर्ड हर्नडल यांनी केलं आणि मनापासून केलं. त्याआधी, अगदी आरंभी, खुद्द हार्टनेल दिसतात. १९६४च्या एका कथेतला तो प्रसंग आहे: आपली नात सुझन हिला पृथ्वीवर मागे ठेवताना डॉक्टर तिला सांगतो की एक दिवस मी परत येईन. तो कधीच गेला नाही. विसाव्या वर्षी सुझन, म्हणजे कॅरोल अ‍ॅन फोर्ड, कथेत आली, आजोबांना भेटली, आणि त्या वचनाचा कुणी उच्चारही केला नाही. तिच्या वाट्याला पाय मुरगळणं आलं. वचनाचा प्रसंग दारातच लावून घरात त्याचा मागमूस ठेवायचा नाही, ही चूक मला आजही डाचते.

पंचविसाव्या वर्षाचा अधिकृत विशेष ‘सिल्व्हर नेमेसिस’. रौप्यमहोत्सव म्हणून चंदेरी सायबरमेन, याहून त्यात फारसं काही नाही. खरा उत्सव त्याआधीच्या महिन्यात होऊन गेला होता. बेन अ‍ॅरोनोविच यांच्या ‘रिमेम्ब्रन्स ऑफ द डालेक्स’मध्ये सातवा डॉक्टर १९६३च्या लंडनमध्ये परततो, पहिल्या भागातल्याच कोल हिल शाळेत. वरवर डालेक या डॉक्टरच्या जुन्या शत्रूंच्या दोन टोळ्यांचं युद्ध आहे. पण डॉक्टरची तरुण सोबतीण एस एका खानावळवजा घरात राहते आणि खिडकीत लावलेली पाटी तिच्या नजरेला पडते: काळ्या वर्णाच्या माणसांना इथे खोली मिळणार नाही. वंशशुद्धीसाठी मारत सुटलेले डालेक आणि ती पाटी एकाच गोष्टीचे दोन आकार आहेत, हे कुणी भाषण न करता कळतं. लखनौहून आलेला एक तरुण ज्या १९६३च्या लंडनमध्ये ही मालिका उभी करत होता, ते हेच लंडन. वाढदिवसाला स्वतःच्या जन्मसालाकडे इतकं सरळ बघणं मला ‘सिल्व्हर नेमेसिस’च्या सगळ्या चांदीपेक्षा मोठं वाटतं.

पुढच्या वर्षी मालिका थांबली. तिसाव्या वाढदिवसाला, १९९३मध्ये, जे आलं त्याबद्दल थोडक्यातच बोलावं. ‘डायमेन्शन्स इन टाइम’ हा ‘ईस्टएंडर्स’ या कौटुंबिक मालिकेबरोबर केलेला, त्रिमिती चष्म्यातून बघायचा, मदतनिधीसाठीचा दोन छोट्या भागांचा खेळ. त्रिमितीचा परिणाम साधायला कॅमेरा सतत बाजूला सरकत राहावा लागे, त्यामुळे कथा सांगायला उसंतच नव्हती. वारलेल्या हार्टनेल आणि ट्राउटन यांच्या जागी घडवलेली मुंडकी अवकाशात तरंगताना दाखवली. कलावंतांनी चांगल्या कामासाठी विनामूल्य वेळ दिला, त्यांना नमस्कार. पण गैरहजर माणसाचा मुखवटा टांगला की त्याचं स्मरण होत नाही, हे त्या मुंडक्यांकडे बघताना कळतं.

२००५मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी मालिका पुन्हा उभी केली आणि डॉक्टरला एक जखम दिली: महायुद्ध थांबवण्यासाठी त्याने स्वतःचा ग्रह, स्वतःची माणसं जाळून टाकली आहेत. क्रिस्टोफर एकल्स्टन आणि डेव्हिड टेनंट या दोघांचे डॉक्टर त्या जखमेवर चालले. पन्नासाव्या वाढदिवसाला स्टीव्हन मॉफॅट यांना त्या युद्धाची कथा सांगायची होती आणि त्यासाठी एकल्स्टन हवे होते. भेटी झाल्या, पण त्यांनी नकार दिला. तेव्हा मॉफॅट यांनी असा एक डॉक्टर निर्माण केला की ज्याच्याबद्दल बाकीचे डॉक्टर बोलतच नाहीत, ज्याच्याकडून त्यांनी आपलं नावही काढून घेतलंय. जॉन हर्ट यांनी तो केला. ‘द डे ऑफ द डॉक्टर’ २३ नोव्हेंबर २०१३ रोजी ९४ देशांत एकाच वेळी दाखवला गेला. ब्रिटनमध्ये १ कोटी २८ लाख लोकांनी तो पाहिला. मी ठामपणे सांगते, एकल्स्टन आले असते तर हा भाग इतका मोठा झाला नसता. त्या नकारातून एक लपवलेलं आयुष्य जन्माला आलं.

एका ओसाड कोठारात थकलेला म्हातारा बसलाय. समोर एक यंत्र, त्यावर लाल बटण. ते दाबलं की युद्ध संपेल आणि गॅलिफ्रेवरची २४७ कोटी मुलंही. पुढच्या आयुष्यातले त्याचेच दोन अवतार, टेनंट आणि मॅट स्मिथ, तिथे येतात. एक त्या मुलांचा आकडा विसरू शकलेला नाही, दुसऱ्याने तो विसरायचं ठरवलंय. हर्ट या दोघा पोरसवदा रूपांकडे बघतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांत कौतुक आणि अपराध इतके एकत्र येतात की मला दर वेळी थांबून पुन्हा बघावं लागतं. मधला एलिझाबेथ राणीचा आणि रूप बदलणाऱ्या झायगॉनांचा गुंता सैल आहे, मान्य. पण शेवट अचूक आहे. बटण न दाबता ग्रह वाचवायचा मार्ग सापडतो आणि सगळे डॉक्टर, हयात आणि दिवंगत, आपापल्या टार्डिस घेऊन येतात.

यावर चाहत्यांचा एक गंभीर आक्षेप आहे. ग्रह वाचलाच असेल तर आधीच्या आठ वर्षांतलं दुःख खोटं ठरत नाही का? मला तसं वाटत नाही. हर्ट आणि टेनंट यांच्या डॉक्टरांना हे काहीच आठवणार नाही, अशी अट कथेतच घातली आहे. आपण सगळ्यांना मारलं याच समजुतीत ते शतकानुशतकं जगणार. त्यांचं दुःख होतं तेवढंच राहिलं; सुटका झाली ती शेवटच्याची. आणि मग टॉम बेकर येतात. १९८३मध्ये न आलेले, आता ७९ वर्षांचे, संग्रहालयाचे वृद्ध व्यवस्थापक म्हणून. तीस वर्षं रिकामी राहिलेली जागा अशी भरली.

त्याच आठवड्यात मार्क गॅटिस यांनी लिहिलेला ‘अ‍ॅन अ‍ॅडव्हेंचर इन स्पेस अँड टाइम’ हा चित्रपट बीबीसीवर आला. मालिकेच्या जन्माची ती गोष्ट. डेव्हिड ब्रॅडली यांनी हार्टनेल केले, सच्चा धवन यांनी वारिस हुसेन. पुढे २०२०मध्ये हेच धवन डॉक्टरचा कट्टर वैरी मास्टर म्हणून खुद्द मालिकेत आले. चित्रपटाच्या शेवटी मालिका सोडावी लागणारा हार्टनेल टार्डिसच्या यंत्रापलीकडे बघतो तर समोर मॅट स्मिथ उभा. २०२३च्या पुनःप्रक्षेपणात त्या जागी नव्या डॉक्टरला, शूटी गाटवाला, बसवलं गेलं. मला पहिलाच शेवट हवा होता. २०१३मध्ये केलेलं स्मरण २०१३चंच राहू द्यावं.

साठाव्या वर्षापर्यंत परिस्थिती उलटी झाली होती. जुने आठशेहून अधिक भाग बीबीसीच्या आयप्लेअरवर एका क्लिकवर आले. विरोधाभास असा की हक्कांच्या वादामुळे त्यात अगदी पहिली कथा, हुसेन यांची, नव्हती. पण बाकी सगळं हाताशी असताना जुना चेहरा दाखवणं एवढ्यावर वाढदिवस साजरा होत नाही. डेव्हिस परत आले होते. त्यांनी टेनंट आणि कॅथरिन टेट यांना परत आणलं आणि २५ नोव्हेंबर ते ९ डिसेंबर २०२३ दरम्यान तीन शनिवारी तीन भाग दिले.

पहिल्या ‘द स्टार बीस्ट’मध्ये डॉक्टरची जुनी सोबतीण डोना, म्हणजे टेट, हिची आठवण परत येते. २००८मध्ये डॉक्टरने तिचा जीव वाचवण्यासाठी ती पुसली होती. आठवलं तर ती मरेल असं पंधरा वर्षं आम्ही धरून चाललो होतो. इथे ते संकट डोना आणि तिची मुलगी वाटून घेतात आणि मग सोडून देतात. मायलेकींचं ते दृश्य प्रेमळ आहे, पण इतक्या जुन्या दुःखाची सोडवणूक काही वाक्यांत उरकायला नको होती. तिसऱ्या ‘द गिगल’मध्ये तर कायापालटाचा नियमच मोडला. टेनंटचा डॉक्टर नाहीसा न होता त्याच्यातून गाटवाचा डॉक्टर वेगळा होतो. जुना डोनाच्या अंगणात सुखाने जेवत राहतो, नवा टार्डिस घेऊन निघतो. थकलेल्या माणसाला विसावा मिळावा ही डेव्हिस यांची भावना मला समजते. तरी मला ते पटलं नाही. जाणाऱ्याने जायचं असतं, म्हणूनच येणाऱ्याला जागा मिळते. रवांडात जन्मलेल्या, स्कॉटलंडमध्ये वाढलेल्या गाटवासारख्या गुणी नटाच्या आगमनाला लाडक्या आधीच्या डॉक्टरचं हजर राहणं भारी पडलं.

मधला भाग मात्र, ‘वाइल्ड ब्लू यॉन्डर’, माझ्या लेखी या साठ वर्षांतल्या सर्वोत्तम भागांपैकी आहे. प्रक्षेपणाआधी त्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. चाहत्यांनी तर्क केले: जुने डॉक्टर येणार, मॅट स्मिथ येणार, कापाल्डी येणार. कुणीच आलं नाही. विश्वाच्या कडेला एक रिकामं यान, लांबच लांब मार्गिका, डॉक्टर आणि डोना. आणि त्यांची हुबेहूब रूपं घेणारं काहीतरी, ज्याला अजून हाताची लांबी नीट जमत नाही. दोनच नट, चार भूमिका. समोरची डोना आपली की नक्कल, हे डॉक्टरला ओळखायचं आहे, आणि घाईच्या क्षणी तो चुकीच्या डोनाला बरोबर घेतो. इतक्या वर्षांची मैत्री, आणि ओळख चुकली! त्या चुकीत या मालिकेचा अख्खा प्रश्न आहे: रूप तेच असलं की माणूस तोच का? भाग संपताना बर्नार्ड क्रिबिन्स दिसतात, डोनाचे आजोबा विल्फ. प्रक्षेपणाच्या वर्षभराहून अधिक आधी, जुलै २०२२मध्ये, ते वारले होते. त्यांचं हे एकच दृश्य चित्रित होऊ शकलं. कुठलंही तंत्र वापरून ते वाढवलं नाही, याबद्दल मी कर्त्यांची ऋणी आहे.

आता सुझनबद्दल. २०२५च्या पर्वात कॅरोल अ‍ॅन फोर्ड डॉक्टरच्या मनात क्षणभर दिसल्या आणि चाहत्यांचा श्वास अडकला. मग ३१ मे रोजी पर्व संपलं, गाटवा यांनी मालिका सोडली, आजोबा-नातीची प्रत्यक्ष भेट झालीच नाही. पुढे डिस्ने निर्मितीतल्या भागीदारीतून बाहेर पडली. २०३३मध्ये मालिका सत्तर वर्षांची होईल, तेव्हासाठी कुणी हे राखून ठेवत असेल तर माझी कळकळीची विनंती आहे की ठेवू नये. हार्टनेलना बोलावलं तेव्हा त्यांना एक पानभर संवाद लक्षात राहत नव्हते. ट्राउटन पंचविसावं वर्ष बघू शकले नाहीत. फोर्ड यांनी ऐंशी केव्हाच ओलांडली आहे. पहिल्या भागातल्या प्रमुख चौघांपैकी त्या एकट्याच उरल्या आहेत. त्यांच्यासाठी डालेक नकोत, तेरा टार्डिस नकोत, ९४ देश नकोत. जो कुणी डॉक्टर असेल तो, ती, एक खोली आणि पाऊण तास द्यावा. इतक्यात काय होऊ शकतं हे ‘वाइल्ड ब्लू यॉन्डर’ने दाखवलंच आहे. आणि त्यासाठी वाढदिवसाचं निमित्त शोधू नये. येत्या वर्षातला कुठलाही शनिवार चालेल.